कॅसेटी भंगारात देऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीच्या साफसफाईवरचा लेख वाचला. माळा कसा आवरायचा, जुनी भांडी मोडीत कशी द्यायची, हे सगळं उपयोगाचं होतं. पण एका वाक्यापाशी मी अडले. जुन्या कॅसेटी, सीडी, व्हिडिओ फिती आता ठेवून काय करायच्या, सगळं ऑनलाइन मिळतं, सरळ भंगारात काढा, असा तो सल्ला होता. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण तो वाचून कुणी गाठोडं बांधून भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवलं, तर त्यातलं काहीच परत येणार नाही. म्हणून हे पत्र. लांबलं आहे, तरी शक्य असेल तर पूर्ण छापावं.

मी सांगलीच्या गावभागात राहते. सार्वजनिक वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होते, २०१७ साली निवृत्त झाले. बाजारात आलेली गाणी ऑनलाइन मिळतात हे मला मान्य आहे. आमच्या ट्रंकेत मात्र बाजारात कधीच न आलेलं बरंच काही होतं.

त्यातली एक कॅसेट सांगते. धाकट्या वन्संच्या लग्नाआधी हळद दळायला गल्लीतल्या बायका आमच्याकडे जमल्या होत्या. पीठ तेव्हाही गिरणीतूनच यायचं, जातं फक्त लग्नकार्यापुरतं खाली उतरायचं. ह्यांनी नुकताच दोन कॅसेटींचा टेपरेकॉर्डर घेतला होता. तो त्यांनी जात्यापासून हातभर अंतरावर पाटावर ठेवला, बटण दाबलं आणि आधी स्वतःच्या आवाजात सांगितलं, ‘आज रविवार, पंधरा नोव्हेंबर एकोणीसशे सत्त्याऐंशी.’ मग जात्याभोवती बसलेल्या आठ जणींची नावं घेतली. पुढे तासभर ओव्या आहेत. जात्याची घरघर पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये कुकरच्या तीन शिट्ट्या, कुणाचं तरी लहान मूल किरकिरतंय, आणि या सगळ्यावर आमच्या सासूबाईंचा आवाज. अर्ध्या तासाला बाजू संपली तिथे एक ओवी मधोमध तुटली आहे. आई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. आज त्यांना एकोणनव्वदावं चालू आहे. त्या आठ जणींपैकी आता दोघीच आहेत, आणि तारीख सांगणारे हेही नाहीत.

जात्यावरच्या ओव्यांची थोरवी मी वेगळी सांगायला नको. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर खेडोपाडी फिरून जमवलेल्या ओव्या एक लाखाच्या वर भरतात, आणि ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी कुणालाही ऐकता येतात. मी त्या ऐकते. पण आमच्या गल्लीतल्या आठ बायका तिथे नाहीत. त्या होत्या त्या फक्त आमच्या ट्रंकेत.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. आमच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती, तिच्यावर भरवसा ठेवून आम्ही सामान उचललं आणि पाणी ती खूण ओलांडून वर चढलं. गॅस, धान्य, टीव्ही, कागदपत्रं माडीवर गेली. ट्रंक मात्र खालच्या खोलीत दोन खुर्च्या जोडून वर ठेवली होती, ती तिथेच राहिली. तिच्यात चाळीसेक कॅसेटी, सात अल्बम आणि एक हार्ड डिस्क होती. ती हार्ड डिस्क म्हणजे आमचा बॅकअप. मूळ वस्तू आणि तिची प्रत एकाच ट्रंकेत ठेवली होती, हे मला, आयुष्यभर नोंदी आणि प्रती सांभाळलेल्या बाईला, ट्रंक उघडेपर्यंत सुचलं नव्हतं. उघडली तेव्हा आत चार बोटं गाळ होता.

इथे जरा सविस्तर लिहिते, कारण नदीकाठच्या कुणालातरी पुन्हा हे उपयोगी पडेल. ओले फोटो एकमेकांना चिकटलेले असतात. ते तसेच वाळू दिले आणि मग सोलायला गेलं, की एका फोटोवरचं चित्र दुसऱ्याच्या पाठीला लागून येतं. ते स्वच्छ गार पाण्यात भिजत ठेवायचे, आपोआप सुटू द्यायचे आणि चित्राची बाजू वर करून सावलीत सुकवायचे. ओल्या चित्राला बोट लावायचं नाही. एवढे फोटो एका दिवसात उरकणार नसतील तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाकायचे, म्हणजे बुरशी थांबते आणि सवडीने काम करता येतं. विश्रामबागेतल्या भाचीच्या फ्रीजरमध्ये आमचे तीन अल्बम दोन महिने होते. तिने एका शब्दाने कुरकुर केली नाही.

कॅसेट भिजली म्हणजे संपली असंही नाही. फीत प्लास्टिकची असते, पाण्याने ती लगेच मरत नाही. तिला मारतो तो गाळ, आणि आपली घाई. गाळ असताना ती टेपमध्ये घालून वाजवली, की वाळूचे कण फितीवरचा लेप खरवडतात. आधी डिस्टिल्ड वॉटरने धुवायची, पंख्याच्या झोतापासून दूर वाळवायची. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर स्क्रू काढून दोन्ही रिळं अलगद दुसऱ्या, कोऱ्या कॅसेटच्या कवचात बसवायची. दाबाची ती छोटी फेल्टची गादी जाग्यावर आहे ना हे बघायचं, ती निखळली असेल तर आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. मी हे एका आठवड्यात नऊ कॅसेटींना केलं. सात वाचल्या. बाकीच्या हळूहळू पुढच्या वर्षभरात केल्या, त्यातल्या काहींचा थर सुटला होता.

ओव्यांच्या कॅसेटची पहिली बाजू चांगली निघाली, दुसऱ्या बाजूला मधेमधे आवाज बुडतो. पण ह्यांनी त्याच आठवड्यात, त्याच दोन कॅसेटींच्या टेपवर तिची एक प्रत करून वन्संच्या रुखवतात ठेवली होती. ती बार्शीला गेली आणि बत्तीस वर्षं तिथल्या लाकडी कपाटात कोरडी राहिली. आज आमच्याकडे जे आहे ते पहिली बाजू सांगलीची आणि दुसरी बार्शीची असं जोडलेलं आहे.

हार्ड डिस्कच्या बाबतीत चूक झाली. धाकट्या मुलाने ती पुसली, आठ दिवस वाळवली आणि संगणकाला जोडून बघितली. तशी ती जोडायची नसते. आतली तबकडी मिनिटाला हजारो फेऱ्या घेते आणि आत मातीचा कण असेल तर तो तिच्यावर चरे पाडतो. टकटक आवाज आला आणि सगळं थांबलं. माहिती काढून देणाऱ्या दुकानदारानेही हात टेकले. २००६ ते २०१२ ची सहा-सात वर्षं त्यात गेली, नातीच्या बारशापासून तिच्या बालवाडीपर्यंत.

अशी आणखी एक गोष्ट आहे. थोरल्या दिरांच्या मुलाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आम्ही २००९ साली एका दुकानात डीव्हीडी करायला दिली. डीव्हीडी मिळाली. कॅसेट मागायला गेले तर ती टाकून दिली होती, आता काय करायची ती, असं उत्तर आलं. २०१८ मध्ये ती डीव्हीडी कुठल्याही यंत्रात वाचता येईना. घरी लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत माहिती रंगाच्या थरात साठते आणि तो थर उष्म्याने, उजेडाने, दमट हवेने उतरतो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, नवीन प्रत झाली तरी मूळ कॅसेट परत मागून घ्या.

पुरानंतर आम्ही सगळं संगणकावर घेण्याचं काम काढलं. मिरजेच्या एका कारागिराने ह्यांचा तोच टेपरेकॉर्डर रबरी पट्टे बदलून चालू करून दिला. टेपमधून बाहेर एक वायर, मध्ये आवाज संगणकाला कळेल असा करणारं चारबोटी यूएसबीचं यंत्र, तिथून संगणक, आणि संगणकावर ऑडॅसिटी नावाची मोफत प्रणाली. एवढंच साहित्य लागतं. वेळ मात्र वाचवता येत नाही. साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच घेते. आधी टेपच्या हेडवर, म्हणजे फीत जिथे घासून आवाज उमटतो त्या भागावर, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवायचा. आवाज दबका वाटला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवून बघायचा, जात्याची घरघर ‘घर्र’ अशी टोकदार ऐकू आली की तिथे थांबायचं. मी जात्याच्या आवाजावरून हेड लावते, हे त्या कारागिराला फार आवडलं. आवाजाची काडी पडद्यावर लाल रेषेला लागू द्यायची नाही. सीडीच्या दर्जाने, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट या मापाने साठवलं, तर एका मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, तासाला ६०० एमबी. ‘फ्लॅक’ या स्वरूपात ते निम्म्याच्या आसपास येतं आणि आवाजातलं काहीच कमी होत नाही. मोबाइलवर ऐकायला वेगळी एमपी थ्री करावी, पण ठेवणीची प्रत फ्लॅकच असावी.

हे सगळं ठेवायचं कुठे, हा खरा विषय. आमच्याकडे माडीवर, २०१९ च्या खुणेपासून सात फूट वर, दोन हार्ड डिस्कांचं एक छोटं यंत्र आहे. त्याला नॅस म्हणतात, घरात आम्ही ‘कपाट’ म्हणतो. ते घरच्या वायफायच्या राउटरला वायरने जोडलेलं आहे आणि दिवसरात्र चालू असतं. वीज महिन्याला बारा-पंधरा युनिट खातं. वीज गेली की एकदम बंद पडू नये म्हणून एक लहान यूपीएस लावला आहे. त्यावर जेलिफिन ही मोफत प्रणाली घातली आहे, त्यामुळे दिवाणखान्यातल्या टीव्हीवर, सुनेच्या मोबाइलवर, स्वयंपाकघरातल्या जुन्या टॅबवर तेच कपाट उघडतं. ज्या टीव्हीवर जेलिफिन बसत नाही, त्याच्यावरही बहुतेक वेळा काम होतं, कारण गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या बऱ्याच टीव्हींमध्ये घरातल्या दुसऱ्या यंत्रावरचं टीव्हीवर लावायची डीएलएनए नावाची सोय असते. सोनी, इंटेल अशा कंपन्यांनी २००३ साली एकत्र येऊन एक संस्था काढली आणि ती ठरवली. ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली, पण सोय टीव्हीत राहिली. टीव्हीचं ‘सोर्स’ बटण दाबलं की एचडीएमआयच्या खाली ‘कपाट’ असं दिसतं. सुनेचा फोन रात्री चार्जिंगला लागला की दिवसभराचे फोटो आपोआप माडीवर जाऊन पडतात.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिला आहे, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. नोकरीत मी हा नियम रोज पाळला, घरात मात्र उलट वागत होते. पेनड्राइव्ह डब्यात, डबा लॉकरमध्ये आणि कॅसेटी ट्रंकेत. जे कुणी उघडत नाही ते बिघडलं तरी कळत नाही. डीव्हीडी वाचता येत नाही हे आम्हाला नऊ वर्षांनी कळलं, कारण नऊ वर्षांत ती कुणी लावलीच नव्हती. आता ओव्या आठवड्यातून एकदा तरी लागतात.

जुन्या घरात एक अडचण येते ती लिहिते. आमच्या भिंती दीड हात जाडीच्या आहेत. राउटर नवा, वेगवान, पण मागच्या खोलीत, जिथे आई झोपतात, तिथे काही पोचेना. वायफायच्या दोन लहरींपैकी ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते, पण भिंत आली की मार खाते. २.४ ची जास्त आत शिरते, पण आमच्याकडे दोन भिंती मध्ये असल्याने तीही लुळी पडली. महागडी यंत्रं घेण्याआधी मुलाने खिडकीच्या चौकटीतून साधी नेटवर्कची वायर मागच्या खोलीत नेली आणि प्रश्न मिटला. विजेच्या वायरच्या पाइपातून मात्र ती नेऊ नये.

कपाटात दोन डिस्का आहेत आणि एकीवर जे जातं ते दुसरीवरही उमटतं. यामुळे आम्ही निर्धास्त झालो, आणि तिथेच पुन्हा चुकलो. एक डिस्क बिघडली तर दुसरी चालते, एवढाच त्याचा उपयोग. २०२२ च्या उन्हाळी सुट्टीत नातवाने जागा करायला म्हणून एक फोल्डर पुसला, आणि तो त्याच क्षणी दोन्ही डिस्कांवरून गेला. त्यात माझ्या वडिलांच्या कीर्तनांच्या अकरा फायली होत्या. पोरगं रडकुंडीला आलं. त्या वाचल्या, कारण पुण्याला थोरल्या मुलाकडे एक वेगळी डिस्क होती. पण तिच्यावरची प्रत पाच महिन्यांपूर्वीची होती. त्या पाच महिन्यांत मी आवाज साफ करून ठेवलेले चार भाग पुन्हा करावे लागले.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक हिशेब आहे, तीन-दोन-एक. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. आमची घराबाहेरची प्रत आता दर गणपतीला आणि दर दिवाळीला पुण्याहून येते, भरून परत जाते. पुण्याला जाणारी डिस्क कपाटाला कायमची जोडलेली नसते, हे मुद्दाम. २०२२ साली डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रणालीने इंटरनेटवर उघडी असलेली अशीच घरगुती यंत्रं कुलूपबंद करून पैसे मागितले होते. आमचं कपाट घराच्या उंबरठ्याबाहेर उघडत नाही. बाहेरगावी असताना ओव्या ऐकायच्या असतील तर त्या फोनमध्ये आधी भरून न्याव्यात, असा आमच्याकडे नियम आहे.

मग क्लाउड का नको, असं मुलांचे मित्र विचारतात. नको असं मी म्हणत नाही. पैसे भरून तिथे एक प्रत जरूर ठेवा, ती तुमची घराबाहेरची प्रत होईल. पण तेवढीच ठेवू नका. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून थांबली आणि १५ जीबीचा हिशेब सुरू झाला. अटी ठरवणारा दुसरा असतो, बदलणाराही तोच. विकत घेतलेल्या गोष्टींचंही असंच आहे. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तकंही त्यांच्या यंत्रांवर उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तकं नाहीत. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये कायदा झाला, की आम्ही तुम्हाला वस्तूची मालकी देत नाही, वापरायचा परवाना देतो, हे विक्रेत्याने गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं. आपल्याकडेही असा कायदा व्हायला हवा. तोवर ज्यांच्याकडे जुन्या सीडी आहेत त्यांनी त्या सांभाळाव्यात. सीडी विकत घेतलेली असते, तिच्यावरचं गाणं रात्रीतून कुणी काढून नेत नाही. ती स्वतःच्या घरात ऐकण्यासाठी कपाटात उतरवून घ्या, पण आख्खी सीडी गावभरच्या ग्रुपवर पाठवू नका. आपल्या १९५७ च्या कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं चालतो, आणि त्यावर कलावंतांची पोटं असतात.

आता फायलींच्या नावांविषयी. हा माझा प्रांत आहे. नाव नसलेली फाइल म्हणजे दाखल न केलेलं पुस्तक, फडताळात असूनही कुणाला न सापडणारं. आम्ही आधी तारीख, मग व्यक्ती, मग प्रसंग अशा क्रमाने नाव देतो: ‘१९८७-११-१५ आई जात्यावरच्या ओव्या बाजू १’. तारखेत वर्ष पहिलं ठेवलं की फायली आपोआप काळाप्रमाणे लागतात. आकडे सगळे एकाच लिपीत हवेत, अर्धे इंग्रजी अर्धे मराठी झाले की क्रम मोडतो. आणि नावं मराठीतच हवीत. माझ्या मुलाला इंग्रजीत सोपं वाटत होतं. मी त्याला विचारलं, ‘घाणा भरणे’ याला इंग्रजीत काय लिहिशील आणि उद्या तुझी मुलगी ते कसं शोधेल? त्यानंतर त्याने विषय काढला नाही.

पण मराठीत लिहिलं की यंत्रं अडवतात, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या आधीच्या टीव्हीवर देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. भजनी मंडळाच्या जुन्या सीडीवरची यादी पूर्वीच्या खास फाँटमध्ये केलेली, ती आता इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उमटते. त्याहून त्रासाची गोष्ट शोधण्याची. मी कपाटात ‘वऱ्हाड’ असं लिहून शोधलं तर लग्नाचे निम्मेच फोटो यायचे. कारण भलतंच निघालं. वऱ्हाडातला अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. जुन्या कळफलकाने एका रीतीने लिहिला होता, नवा मोबाइल दुसऱ्या रीतीने लिहितो. डोळ्याला दोन्ही तंतोतंत सारखे, यंत्राला ते दोन वेगळे शब्द. ‘ॲल्बम’मधल्या पहिल्या अक्षराचंही तेच. मी दोन महिने बसून ६०० च्या वर नावं एकसारखी केली. जो टीव्ही, जो मोबाइल महाराष्ट्रात विकला जातो त्याला मराठी नीट दाखवता आणि शोधता यावं, ही मागणी राज्याच्या मराठी भाषा विभागाने कंपन्यांकडे लावून धरली पाहिजे. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा घरातल्या माणसाला असा उपयोग व्हावा.

आता मुख्य मागणी. आमच्या घरी मुलगा संगणकातला, मी ग्रंथपाल, म्हणून हे जमलं. शेजारच्या आजींकडे त्यांच्या यजमानांच्या पोवाड्यांच्या सहा कॅसेटी आहेत आणि वाजवायला यंत्र नाही. व्हिडिओ कॅसेटींचं तर त्याहून अवघड आहे. जगात शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये ते बनवणं थांबवलं, म्हणजे चालू स्थितीत आहेत तेवढेच व्हीसीआर उरले, आणि ते दुरुस्त करणारी माणसंही साठीच्या पुढे गेली. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली गावोगाव शासनमान्य ग्रंथालयं आहेत. त्यातल्या जिल्हा आणि तालुका ‘अ’ वर्गाच्या ग्रंथालयांत एक टेबल ठेवा. त्यावर दुरुस्त केलेला एक टेप, एक व्हीसीआर, एक स्कॅनर, जोडणीच्या वायरी आणि एक साधा संगणक. लोकांनी आपली कॅसेट घेऊन यावं, तासभर तिथेच पेपर वाचत बसावं, आणि फाइल व कॅसेट दोन्ही घेऊन घरी जावं. ज्यांची इच्छा असेल त्यांनी एक प्रत ग्रंथालयाला द्यावी. वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली आपण बांधून ठेवतो, मग जिल्ह्यातल्या ओव्या, कीर्तनं, पोवाडे, शाळेतली भाषणं यांची एक डिस्क का ठेवू नये? यंत्रांसाठी मोठा निधी लागत नाही. आमदार-खासदारांच्या निधीतून कमानी उभ्या राहतात, हे टेबल त्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात होईल. माझ्या जुन्या वाचनालयाला मी तसं लेखी कळवलं आहे आणि आठवड्यातून दोन दुपारी विनामोबदला बसायची माझी तयारी आहे.

आईंना आता दिसत नाही. मागच्या खोलीत त्यांच्या उशाशी एक छोटा स्पीकर आहे, तो त्या वायरीने कपाटाला जोडला आहे. दुपारी चहा झाला की त्या नातवाला हाक मारतात, ‘बाळ, दळण लाव रे.’ ह्यांचा आवाज तारीख सांगतो, नावं घेतो, मग जातं सुरू होतं. पहिल्या बाजूच्या शेवटी जी ओवी तुटते, तिथे त्या रोज पुढची ओळ स्वतः म्हणतात. परवा नातवाने मोबाइलवर ती ओळ टिपून घेतली आणि मला विचारलं, आजी, ही दोन बाजूंच्या मध्ये जोडू का? मी म्हटलं, जोडू नकोस, वेगळी फाइल कर, आजची तारीख घाल.

सांगली-मिरजेतल्या कुणाकडे अशा कॅसेटी असतील आणि टेप नसेल, तर माझा पत्ता आपल्या कार्यालयातून द्यायला माझी हरकत नाही. शनिवारी दुपारी तीननंतर मी घरी असते. कॅसेट भिजलेली असेल तर मात्र वाजवून बघू नका, पुसूही नका. आहे तशी कागदात गुंडाळून आणा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त ग्रंथपाल, गावभाग, सांगली